प्राण्यांची चित्रपुस्तकं वाचून दाखवताय? या चुका टाळा

चार वर्षांची एक मुलगी माझ्या मांडीवर बसून मांजराची गोष्ट ऐकत होती. शेवटच्या पानावर पुस्तकातला मुलगा मांजराला घट्ट मिठी मारतो आणि मांजर डोळे मिटून हसतं. पुस्तक मिटलं, ती उठली आणि कोपऱ्यात झोपलेल्या आमच्या मांजराला तिने मागून जाऊन कवटाळलं. हातावर तीन ओरखडे उठले. "पण पुस्तकातली माऊ तर हसत होती!" ती रडत रडत म्हणाली. तक्रार अगदी रास्त होती.

आपण प्राण्यांना सर्रास "मुका जीव" म्हणतो. मला वाटतं, घोळ तिथूनच सुरू होतो. मुका म्हटला की त्याच्यावर दया करायची, त्याचं ऐकून घ्यायचा प्रश्नच येत नाही. खरं तर मांजर कान, शेपूट, पाठीवरची थरथरणारी कातडी या सगळ्यांनी बोलत असतं. हे बोलणं ओळखायला चित्रपुस्तकासारखी सोय नाही, कारण आपली नजर मजकुरावर असते तेव्हा मूल चित्रातली शेपूट बघत असतं.

मिठीचं पान भरकन उलटणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. माणसांत मिठी म्हणजे माया. बऱ्याच कुत्र्यांना मात्र ती पकड वाटते. कुत्रा मान फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, खाणं समोर नसताना जिभल्या चाटतो, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दाखवतो. हे सगळं "मला सोडा" असं म्हणणं आहे. शेपूट हलतेय म्हणजे स्वारी खूश, हेही दर वेळी खरं नसतं. ताठ उभी धरून झपझप हलवलेली शेपूट वेगळंच सांगते. आणि लहान मुलं कुत्र्याने विचकलेले दात पाहून तो हसतोय असं समजतात.

म्हणून त्या पानावर थांबा आणि विचारा: कान कुठे आहेत? अंग सैल आहे की ताठ? त्याला निघून जायचं असेल तर वाट आहे का? हा शेवटचा प्रश्न माझा लाडका. एकदा तो विचारला की मुलं प्रत्येक पुस्तकात कोंडलेला प्राणी शोधत बसतात. चित्र चुकलेलं असेल तर बेधडक सांगा, "चित्रकाराला कुत्रा कळलेला नाही." मोठ्यांची चूक पकडायला मिळाली की ती गोष्ट मुलं विसरत नाहीत.

मग खऱ्या प्राण्याशी हाच खेळ. त्याला आपणहून जवळ येऊ द्यायचं, तीन आकडे मोजेपर्यंत कुरवाळायचं, हात मागे घ्यायचा. तो पुन्हा अंगाशी आला तर पुढे. नाही आला, तर आज त्याची इच्छा नाही. अर्थात हे सगळं मोठं माणूस शेजारी असतानाच.

फक्त बोलणारे, कपडे घातलेले प्राणी

कॅनडातल्या पॅट्रिशिया गानिया आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहान मुलांना अनोळखी प्राण्यांची पुस्तकं वाचून दाखवली. काहींमध्ये प्राणी माणसासारखे बोलत-वागत होते, काहींमध्ये साधी खरी माहिती होती. प्राण्यांना माणसासारखं रंगवणारी पुस्तकं ऐकलेल्या मुलांनी खऱ्या प्राण्यांनाही माणसाचे गुण चिकटवले. म्हणजे टोपीवाला ससा अडगळीत टाकायचा का? मुळीच नाही, मलाही तो आवडतो. पण त्याच्या जोडीला खऱ्या सशाचं एखादं पुस्तक हवं. नाहीतर पाय आपटणारा ससा नाचतोय असंच मुलाला वाटणार; तो तर धोक्याचा इशारा असतो.

दूध, गाजर आणि काचेचा गोल

मांजरापुढे दुधाची बशी, सशाच्या हातात गाजर, गोल भांड्यात गोल्डफिश: चित्रं गोड, माहिती चुकीची. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. सशाचं मुख्य खाणं सुकं गवत, गाजर कधीतरी तोंडी लावण्यापुरतं. गोल्डफिश एक वीतभर वाढू शकतो, दहा वर्षं सहज जगू शकतो. त्याला मोठी टाकी आणि गाळलेलं पाणी लागतं. वाचता वाचता एका वाक्यात दुरुस्त करा आणि पुढे चला, व्याख्यान नको.

"आता तूच बघायचं त्याचं सगळं"

बऱ्याच गोष्टींत सहा-सात वर्षांचा नायक पिल्लाचं सगळं एकटाच करतो. ती वाचून आपणही मुलावर तसाच भार टाकतो, दोन आठवड्यांत त्याचा उत्साह ओसरतो आणि मग घरात "तुला जबाबदारी कळतच नाही" सुरू होतं. इतक्या लहान वयात सगळं आठवणीने होणं शक्यच नसतं. एकच काम द्या: रोज सकाळी पाण्याचं भांडं विसळून भरायचं. ते झालंय का, हे तुम्ही बघायचं. "विसरलास ना, राहू दे त्याला तहानलेला, मग कळेल" हा धडा कधीच देऊ नका. शिकतो मुलगा आणि तहानेने तडफडतो कुत्रा.

गोष्ट संपल्या संपल्या "मग यातून आपण काय शिकलो?" हाही प्रश्न गिळा. मुलांना अपेक्षित उत्तर पाठ असतं. त्याऐवजी "ते पिल्लू आत्ता काय करत असेल?" असं विचारून बघा. "पलंगाखाली बसलंय, कारण पाहुणे फार ओरडतात," असं मला एकाने सांगितलं होतं. पुस्तकात पाहुणे नव्हतेच. ते त्याच्या घरी आले होते.

मरणाचं पुस्तक ऐन वेळी उघडणं

कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षं जगतो, हॅमस्टर जेमतेम दोन-तीन. प्राणी गेल्यावर धावतपळत पुस्तक शोधण्यापेक्षा अशी एखादी गोष्ट आधीच, एरवीच्या दिवसात वाचलेली बरी. आणि वाचताना "तो झोपला" म्हणू नका. काही मुलं त्या रात्री झोपायला घाबरतात. "मेला" म्हणा, मूल विचारेल तेवढ्या वेळा म्हणा.