कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्यावर संशोधन करताय? या चुका टाळा

प्रकल्प अहवाल तपासताना एक वाक्य मला हमखास भेटतं: 'बहुसंख्य कर्मचारी समाधानी असून सहकाऱ्यांशी त्यांचे संबंध सलोख्याचे आहेत.' विद्यार्थी एमबीएचा असो की एमएसडब्ल्यूचा, जागा चाकणचा कारखाना असो की हिंजवडीतलं ऑफिस, वाक्य तेच. तक्ते नेटके असतात, टक्केवारी बरोबर असते. तरी माझा त्यावर विश्वास बसत नाही. प्रश्न कुणी विचारले, कुठे बसून विचारले आणि उत्तर कुणाच्या कानावर जाणार होतं, हे त्या अहवालात कुठेच नसतं. नोकरीबद्दल बोलताना माणूस सगळ्यात आधी विचार करतो तो याच गोष्टीचा. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळही इथेच आहे.

सगळ्यांनीच 'पूर्णपणे सहमत' लिहिलंय

माझ्या एका विद्यार्थिनीने मोठ्या कष्टाने कंपनीची परवानगी मिळवली. एचआरने सहकार्य म्हणून फॉर्म सुपरवायझरांकडे दिले, त्यांनी ते चहाच्या सुट्टीत वाटले आणि सुट्टी संपायच्या आत गोळाही केले. दोन दिवसांत गठ्ठा तयार! 'माझे वरिष्ठ मला सन्मानाने वागवतात' या विधानापुढे जवळजवळ प्रत्येकाची खूण एकाच रकान्यात होती. ज्या वरिष्ठाबद्दल प्रश्न होता, फॉर्म परत द्यायचा होता त्याच्याच हातात. तिला ते फॉर्म बाजूला ठेवावे लागले आणि वर्षातला महिना गेला. चूक तिची एकटीची नव्हती. गाईड म्हणून मी आधी विचारायला हवं होतं.

हे दुरुस्त करायचं तर फॉर्मचा प्रवास बदला. वाटताना आणि घेताना तुम्ही स्वतः उभे राहा, कुलूपबंद पेटी ठेवा, कंपनीच्या बसची वाट पाहत लोक थांबतात ती वेळ साधा. काही विधानं उलट अर्थाची ठेवा. 'इथे चूक कबूल केली की ती पुढे माझ्याविरुद्ध वापरली जाते' या विधानालाही 'सहमत' आणि 'वरिष्ठ समजून घेतात' यालाही 'सहमत' आलं, तर तो फॉर्म न वाचताच भरला आहे, हे कळेल.

'निनावी' आणि 'गोपनीय' या दोन शब्दांची गल्लत करू नका. निनावी म्हणजे उत्तर कुणाचं हे तुम्हालाही माहीत नाही. गोपनीय म्हणजे तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही सांगणार नाही. फॉर्मवर कामगाराचा टोकन नंबर असेल तर तो निनावी नव्हे, मग वर काहीही छापलेलं असो. आणि नाव नसलं तरी माणूस ओळखू येतो: स्टोअर विभाग, स्त्री, वय पन्नाशीपुढे, नोकरी वीस वर्षं. अशी बाई त्या कंपनीत एकच असते आणि ती कोण हे एचआरला कागद हातात घेताक्षणी कळतं. ज्या गटात पाचपेक्षा कमी माणसं आहेत, त्याचा वेगळा तक्ता देऊच नका. तो शेजारच्या गटात मिळवा.

स्वास्थ्य विचारलं, उत्तर कॅन्टीनचं आलं

इंग्रजी प्रश्नावलीतल्या 'वेल-बीइंग'साठी बहुतेक विद्यार्थी 'कल्याण' लिहितात. शब्दकोशात ते चालेल, शॉप फ्लोअरवर नाही. आपल्याकडे 'कामगार कल्याण' या शब्दांना जुना आणि नेमका अर्थ आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमात 'कल्याण' हे वेगळं प्रकरणच होतं. हातपाय धुण्याची सोय, विश्रांतीची जागा, प्रथमोपचार, २५० हून अधिक कामगार असतील तिथे कॅन्टीन, ५०० किंवा अधिक असतील तिथे कल्याण अधिकारी, अशा तरतुदी त्यात होत्या. महाराष्ट्रात १९५३ च्या कायद्यातून उभं राहिलेलं कामगार कल्याण मंडळ आहे. तेव्हा 'कंपनी तुमच्या कल्याणाकडे लक्ष देते का?' असं विचारलं की समोरचा माणूस गणवेश, बस आणि जेवण यांबद्दल प्रामाणिक उत्तर देतो. तुम्ही ते मानसिक स्वास्थ्य म्हणून मोजता.

प्रश्न साधे करा. 'झोप नीट लागते का? सुट्टीच्या दिवशी कामाचा विचार पाठ सोडतो का? घरी गेल्यावर मुलांशी बोलायची ताकद उरते का?' जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची डब्ल्यूएचओ-५ ही मोजपट्टी यासाठी उपयोगी आहे. गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं, एवढंच ती विचारते. प्रत्येक विधानाला ० ते ५ गुण, बेरजेला ४ ने गुणलं की १०० पैकी आकडा मिळतो. भाषांतर स्वतः करणार असाल, तर मूळ इंग्रजी न पाहिलेल्या व्यक्तीकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घ्या आणि दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून वाचा. नंतर आठ-दहा कामगारांसमोर प्रश्न वाचा आणि 'याचा अर्थ तुम्हाला काय कळला?' एवढंच विचारा. त्या तासाभरात जे कळतं ते महिनाभर ग्रंथालयात बसून कळत नाही.

नमुना नीट निवडला, पण यादीच अपुरी होती

नमुना, म्हणजे प्रश्न विचारायची निवडक माणसं, तुम्ही एचआरच्या यादीतून काढता. ती यादी म्हणजे पगारपत्रकावरची माणसं. ठेकेदाराकडची मुलं, सुरक्षारक्षक, सफाई करणाऱ्या बाया, कॅन्टीनमधला स्वयंपाकी तिच्यात नसतात. एकाच लाइनवर कायम कामगार आणि कंत्राटी कामगार शेजारी उभे राहून तेच काम वेगळ्या पगारावर करत असतील, तर त्या ठिकाणचे संबंध समजायला दोघांनाही विचारायला हवं. नसेल जमणार, तर अहवालाच्या शीर्षकातच 'कायम कर्मचारी' असं लिहा. रात्रपाळीलाही जा. दिवसा भेटणारे आणि रात्री दोन वाजता भेटणारे वेगळं बोलतात.

यादीत आणखी कोण नसतं? जे सोडून गेले ते. ज्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला ते तुमच्या सर्वेक्षणाआधीच बाहेर पडले असतील. वर्षभरात सोडून गेलेल्यांपैकी चार-पाच जणांना गाठून तासभर बोललात, तरी चित्र बदलतं.

स्वेच्छेने येणाऱ्यांचीही हीच गोष्ट आहे. कंपनी योगवर्ग सुरू करते. वर्गाला येणारे जास्त निरोगी आणि आनंदी दिसतात आणि अहवाल म्हणतो, योगवर्गाचा फायदा झाला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये आपल्या ४,८३४ कर्मचाऱ्यांवर हीच शंका तपासली. स्वास्थ्य कार्यक्रम कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. नुसते 'आलेले' आणि 'न आलेले' यांची तुलना केली की कार्यक्रम गुणकारी वाटत होता. चिठ्ठीने पडलेल्या दोन गटांची तुलना केली तेव्हा पहिल्या वर्षात औषधोपचाराच्या खर्चात ठळक फरक दिसला नाही. जे येत होते ते आधीपासूनच बरे होते. तुम्हाला असा प्रयोग करता येणार नाही, पण कार्यक्रम सुरू होण्याआधीची मोजणी घेता येईल. तीही नसेल तर 'फायदा झाला' असं लिहू नका.

हॉथॉर्न एका वाक्यात उरकणं

दुसऱ्या प्रकरणात, पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात, हे वाक्य ठरलेलं: 'हॉथॉर्न प्रयोगात कामगारांकडे लक्ष दिल्यामुळे उत्पादन वाढले.' शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात काय घडलं, ते इतकं सरळ नव्हतं. टेलिफोनचे रिले (एक सुटा भाग) जोडणाऱ्या मुलींना १९२७ मध्ये वेगळ्या खोलीत बसवलं. पण त्याबरोबर त्यांची मोबदल्याची पद्धतही बदलली. आता मोबदला त्या छोट्या गटाच्या उत्पादनावर ठरू लागला. १९२८ च्या सुरुवातीला त्यांतल्या दोघींना फार बोलतात आणि पुरेसं सहकार्य करत नाहीत म्हणून काढून दुसऱ्या दोघी आणल्या. वाढ कशामुळे झाली? लक्ष दिल्याने, पैशाने, की माणसं बदलल्याने? त्याआधी तिथे दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करून प्रयोग झाले होते. त्यांची हरवली असं समजली जाणारी आकडेवारी लेव्हिट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी शोधून २०११ मध्ये पुन्हा तपासली. प्रकाश कमी-जास्त केला की दर वेळी उत्पादन वाढलं, या प्रसिद्ध दाव्याला तिच्यात आधार सापडला नाही. दिवे बदलले जात ते रविवारी, त्यामुळे बदलाचा परिणाम आणि सोमवारचा परिणाम एकमेकांत मिसळले होते.

हे सगळं तुमच्या अभ्यासालाही लागू आहे. तुम्ही जाता त्या आठवड्यात आणखी काय बदललं? बोनस जाहीर झाला? वेतन कराराची बोलणी चालू आहेत? दिवाळीच्या तोंडावर घेतलेलं समाधान आणि पगारवाढीची पत्रं हातात पडल्यावर घेतलेलं समाधान, ही दोन वेगळी समाधानं आहेत. तारीख लिहा, आणि शक्य असेल तर दोनदा जा.

सलोखा आहे, म्हणजे सगळं ठीक आहे

हॉथॉर्नच्याच शेवटच्या टप्प्यात, १९३१-३२ मध्ये, चौदा पुरुषांच्या एका खोलीचं निरीक्षण झालं. त्यांची आपसात गट्टी होती. दिवसाचं काम किती करायचं, हे त्यांनी आपसात ठरवलेलं होतं आणि जास्त करणाऱ्याला दंडावर ठोसा बसायचा. हे कुठल्याही प्रश्नावलीत आलं नसतं, ते तिथे महिनोन्महिने बसून दिसलं. घट्ट मैत्री आधार देते आणि गळाही दाबते, दोन्ही एकाच वेळी. म्हणून 'सहकाऱ्यांशी संबंध कसे आहेत?' असं विचारू नका. 'गेल्या महिन्यात मशीन अडलं तेव्हा कुणाला हाक मारली? घरी अडचण आली तेव्हा कुणाला सांगितलं? डबा कुणाबरोबर खाता?' असं विचारा. मग दिसेल की नवा मुलगा रोज एकटा जेवतो आणि त्याचं नाव कुणाच्याच उत्तरात येत नाही.

वाईट दिसणारा आकडाही लगेच वाईट समजू नका. एमी एडमंडसन या संशोधिकेने अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांत औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वॉर्डांत परिचारिकांचे आपसातले आणि प्रमुखांशी संबंध चांगले होते, तिथेच चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. त्या वॉर्डांत लोक चूक बोलून दाखवायला घाबरत नव्हते. तेव्हा एखाद्या विभागातून तक्रारी भरपूर आणि शेजारच्या विभागातून एकही नाही असं दिसलं, तर आधी त्या गप्प विभागात जा.

मुलाखतीत समोरचा माणूस रडू लागला

याची तयारी जवळजवळ कुणीच करत नाही, आणि माझ्या लेखी ही सगळ्यात गंभीर चूक आहे. तुम्ही जखमेवरच बोट ठेवलेलं असतं. प्रश्न थांबवा, वही मिटा, पाणी द्या. 'पुढे बोलायचं नसेल तर इथेच थांबू' असं म्हणा आणि खरोखर थांबा. तुम्ही समुपदेशक नाही, म्हणून सल्ले देऊ नका. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं, तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका आणि तुमच्या गाईडला लगेच फोन करा. गोपनीयतेच्या वचनाला हा एक अपवाद असेल, हे मुलाखतीच्या आधीच सांगून ठेवा. लैंगिक छळाची गोष्ट निघाली, तर २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी, लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते आणि तक्रारीची मुदत साधारणपणे तीन महिन्यांची आहे, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. तक्रार करायची की नाही हे जिला त्रास झाला तिने ठरवायचं.

शेवटी एक छोटा कागद छापून घ्या. त्यावर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक, समितीची माहिती आणि तुमच्या महाविद्यालयाचा संपर्क असू द्या. तो मुलाखत दिलेल्या प्रत्येकाच्या हातात द्या, हसत बोलून गेलेल्याच्याही. फक्त रडलेल्यांनाच दिलात, तर संध्याकाळी बसमध्ये कुणाच्या खिशात तो कागद आहे हे सगळ्यांना कळेल.