लिनक्ससाठी हार्डवेअर घेताय? आधी या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि माझा फोन पुन्हा वाजायला लागला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर त्याच्या यादीत बसत नाहीत, म्हणून मग "जुन्या मशिनवर तेवढं लिनक्स टाकून द्या ना". विंडोजच्या जागी चालणारी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम मी टाकून देतो. जुन्या मशिनवर ते सहसा बिनबोभाट चालतं. घोळ होतो तो त्यासाठी नवीन काही विकत आणताना, आणि दर वेळी तोच.

खोका बघून वाय-फाय डोंगल घेणं

लोक कंपनी आणि मॉडेल नंबर बघतात. लिनक्सला त्या दोन्हींशी देणंघेणं नाही, त्याला आतली चिप कळते. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन घ्या. पहिल्या आवृत्तीत एथेरॉसची एआर९२७१ चिप होती. लावलं की चालू. दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाखाली रिअलटेकची चिप आली. जुन्या लेखांमधली स्तुती मात्र तशीच राहिली, आणि ती वाचून लोक आजही दुकानात जातात.

एका तालुक्याच्या गावातल्या शाळेच्या लॅबची गोष्ट सांगतो. देणगीत आलेले डेस्कटॉप, त्यांना वाय-फाय नाही. संगणकाच्या सरांनी ऑनलाइन सगळ्यात स्वस्त डोंगल घाऊक मागवली. खोक्यावर लिनक्सची खूण असलेल्या पेंग्विनचं चित्रही होतं. लावली, तर वाय-फायच्या जागी स्क्रीनवर एक सीडी दिसायला लागली. अशा डोंगलच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) भरलेला असतो आणि लावल्या लावल्या ते सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेतं. यूएसबी-मोडस्विच नावाच्या प्रोग्रॅमने त्याला भानावर आणावं लागतं.

सरांना घाई होती. एक व्हिडिओ बघून त्यांनी गिटहब या कोडच्या साइटवरून कुणाचा तरी ड्रायव्हर उतरवला, कंपाइल केला (म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवला), नेट चालू झालं. "अहो, झालं की! तुम्ही उगाच घाबरवता," असं मला फोनवर ऐकवूनही झालं. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पुढच्या अपडेटला अख्खी लॅब बंद. असा हाताने कंपाइल केलेला ड्रायव्हर त्या एका कर्नलपुरताच असतो. डीकेएमएस नावाचं साधन वापरलं तर तो नव्या कर्नलसाठी आपोआप पुन्हा कंपाइल होतो; अर्थात लिहिणाऱ्याने कोड नव्या कर्नलशी जुळवून ठेवला असेल तर. त्यातून, मी जाऊन बघितलं तेव्हा एकाच मॉडेलच्या डोंगलमध्ये दोन वेगवेगळ्या चिपा निघाल्या.

आम्ही सगळी डोंगल काढली आणि एक नेटवर्क स्विच बसवून लॅन केबल ओढली. एका जागेवरून न हलणाऱ्या डेस्कटॉपला वाय-फाय कशाला हवं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

डोंगल घ्यायचंच असेल तर आधी चिपचा नंबर शोधा आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे का ते बघा. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू चा कर्नल ४.१९ पासून आहे. रिअलटेकच्या आरटीएल८८२१सीयू चा ६.२ पासून, म्हणजे २०२३ पासून. हातात डोंगल असेल तर एलएसयूएसबी ही कमांड त्याचा आयडी सांगते. लॅपटॉपच्या आतल्या वाय-फाय कार्डासाठी एलएसपीसीआय. तो आयडी टाकून शोधा, मॉडेलचं नाव टाकून नाही. विक्रेता चिप सांगत नसेल तर मी घेत नाही.

तोवर नेट हवं असेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक ठिकाणी ड्रायव्हरशिवाय चालतं. हे सांगितलं की लोक माझ्याकडे जादूगार असल्यासारखं बघतात.

लॅपटॉपचं कार्ड बदलणाऱ्यांसाठी एक ओळ: एएमडीच्या मशिनमध्ये इंटेलचं एएक्स २११ चालणार नाही, कारण त्याचा निम्मा भाग इंटेलच्या चिपसेटमध्ये असतो. एएक्स २१० घ्या.

"प्रिंटर काय, कुठलाही चालतो"

नाही चालत. आपल्याकडे वकिलापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळ्यांच्या टेबलावर दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० घ्या. तो कॅप्ट नावाची कंपनीची स्वतःची भाषा बोलतो. कंपनीने लिनक्ससाठी दिलेला ड्रायव्हर जुना आहे, त्याला ३२ बिटच्या लायब्ररी लागतात, आणि ६४ बिट सिस्टिमवर तो बसवताना माणूस देवाचं नाव घ्यायला लागतो. एचपीच्या लेझरजेट १०२० ची तऱ्हा वेगळी: फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्रॅम) त्याच्यात टिकतच नाही, प्रत्येक वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरने ते पाठवावं लागतं. त्यासाठी एचपीएलआयपी हे एचपीचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर आणि त्याचं प्लग-इन दोन्ही लागतात, आणि दोघांची आवृत्ती एकच हवी. एक अपडेट झालं आणि दुसरं राहिलं की छपाई बंद.

नवा घेताना एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर (थेट छपाईच्या सामाईक पद्धती) लिहिलेलं बघा. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. हजार-दोन हजार जास्त जातात, जाऊ द्या.

बाकीचे

अगदी ताजं ग्राफिक्स कार्ड आणि जुनं डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) ही जोडी जमवू नका. डेबियन १२ हे डिस्ट्रो जून २०२३ चं, त्याचा कर्नल ६.१; एएमडीचं आरएक्स ९०७० आलं मार्च २०२५ मध्ये. त्या कर्नलने ते कार्ड ओळखावं कसं? मग म्हणायचं, लिनक्स बेकार.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर डिस्ट्रोच्या भांडारातूनच घ्या. कंपनीच्या साइटवरची फाइल थेट चालवणारे महिनाभरात काळी स्क्रीन घेऊन येतात. सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉल करताना विचारलेला पासवर्ड लक्षात ठेवा, रीस्टार्टनंतरच्या निळ्या स्क्रीनवर तोच लागतो. ती स्क्रीन घाईत एंटर दाबून घालवू नका.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही? बायोसमध्ये (मशिन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेजचा मोड इंटेल आरएसटी असेल, तो एएचसीआय करा. शेजारी विंडोज ठेवायचं असेल तर ते आधी सेफ मोडसाठी सेट करून मग बदल करा, नाहीतर ते उठणार नाही.

बोटाच्या ठशाचा सेन्सर चालेल असं धरूनच चालू नका. लिबएफप्रिंट या ठशांच्या सॉफ्टवेअरच्या यादीत नसेल तर पासवर्ड टाइप करा.

सेकंडहँड लॅपटॉप घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाल तेव्हा खिशात लाइव्ह यूएसबी (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा पेनड्राइव्ह) न्या. "साहेब, सगळं चालतं," असं दुकानदार म्हणणारच. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेस बघा, झाकण मिटून परत उघडा. यूएसबी लावू देत नसेल तर शेजारचं दुकान आहेच.

आणि विंडोज पुसायची घाई करू नका. बऱ्याच कंपन्या बायोसचं अपडेट फक्त विंडोजच्या ईएक्सई फाइलमध्येच देतात. डेल, लेनोवो, एचपीच्या कित्येक मॉडेलना लिनक्समधून एफडब्ल्यूअपडी नावाचा प्रोग्रॅम हे काम करून देतो, पण तुमचं मॉडेल त्यात आहे का ते आधी बघा. नसेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवा, विंडोजमध्येच बायोस अपडेट करा, आणि मग काय पुसायचं ते पुसा.