सातवीतलं मूल तीन आठवडे कॉलेजात: अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

सातवीतल्या मुलीला उन्हाळ्यात तीन आठवडे कॉलेजच्या वसतिगृहात ठेवायचं, त्यासाठी सहा हजार डॉलरच्या आसपास मोजायचे, आणि शेवटी हातात ना मार्क ना नंबर. आमच्याकडे हे ठरलं तेव्हा सासूबाई फोनवर म्हणाल्या, "म्हणजे पैसे भरून अभ्यास, आणि तोही सुट्टीत? मग नातीला आम्ही बघायचं कधी?" दोन्ही प्रश्न रास्त होते. दुसऱ्याकडे नंतर येते, पहिल्याचं उत्तर आधी.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे इथे जे सांगते आहे ते मुख्यतः जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या 'सेंटर फॉर टॅलेंटेड यूथ'बद्दल, म्हणजे अभ्यासात पुढे असणाऱ्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग चालवणाऱ्या केंद्राबद्दल. सगळे त्याला सीटीवाय म्हणतात. असे कार्यक्रम इतर विद्यापीठांतही आहेत, पण बहुतेकांचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं. १९६८ च्या उन्हाळ्यात बाल्टिमोरला जोसेफ बेट्स नावाचा बारा वर्षांचा मुलगा हॉपकिन्समध्ये कॉम्प्युटरचा वर्ग करत होता. त्याला पुढे काय शिकवावं हे कुणालाच कळेना, तेव्हा प्रकरण मानसशास्त्राचे प्राध्यापक ज्युलियन स्टॅन्ली यांच्याकडे गेलं. त्यांनी त्याला त्याच्या इयत्तेची चाचणी न देता थेट कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेला बसवलं. गुण इतके चांगले आले की तेराव्या वर्षी पोराला हॉपकिन्सनेच प्रवेश दिला. स्टॅन्लींनी मग १९७१ मध्ये अशा मुलांच्या अभ्यासाचा प्रकल्प सुरू केला, १९७२ मध्ये पहिला 'टॅलेंट सर्च' घेतला, आणि त्यातूनच १९७९ मध्ये आजच्या सीटीवायची संस्था उभी राहिली.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला की इथे यायला द्याव्या लागणाऱ्या पात्रता-परीक्षेमागचं तर्कशास्त्र त्यातच आहे. आपण स्कॉलरशिपला बसायचो तेव्हा पेपर आपल्याच इयत्तेचा असायचा आणि शंभर मुलांना जवळपास पैकीच्या पैकी मिळायचे. त्या शंभरांत कुणाचं डोकं कुठवर धावतं ते तो पेपर सांगू शकत नाही, कारण सगळे वरच्या छताला टेकलेले असतात. म्हणून इथे मुद्दाम वरच्या इयत्तांचा पेपर देतात. सहावी-सातवीतल्या मुलाला 'स्कॅट' परीक्षेची जी पातळी मिळते ती नववी ते बारावीच्या मुलांसाठी बेतलेली आहे. सातवी-आठवीची मुलं सॅटचे, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचे, गुणही देऊ शकतात. स्कॅटचे दोन भाग, प्रत्येकी ५५ प्रश्न आणि २२ मिनिटं. भाषेच्या भागात फक्त शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखायचं. गणिताच्या भागात दोन रकान्यांतल्या किमतींपैकी मोठी कुठली, की दोन्ही सारख्या, की सांगताच येत नाही, एवढंच. लांबलचक आकडेमोड करत बसलात तर वेळ संपतो. नजरेने तुलना करायची सवय हवी.

इथेच आपली मंडळी घसरतात. परीक्षा दिसली की क्लास शोधायचा! प्रश्नांची पद्धत कळावी म्हणून नमुना पेपर दोन-तीनदा सोडवून घ्या, पुरे. महिनोन् महिने घोटवून घेतलेलं मूल पात्र ठरलं तरी पुढचे तीन आठवडे त्याला वर्गातला वेग सोसावा लागतो, आणि तिथे क्लासवाले सर नसतात. मुलाला अर्ध्याच्या आसपास प्रश्न आले नाहीत तरी घाबरू नका, हेही आधीच सांगून ठेवा. आपल्या मुलांना पेपरात अडायची सवय नसते, त्यामुळे काही जण बाहेर येतात ती रडतच. पात्रतेचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षीचे वाचा. ओळखीच्या काकूंच्या मुलाच्या वेळचे नियम धरून चालू नका.

आता विषय निवडणं. माझ्या मते सगळा कार्यक्रम यावर तरतो किंवा बुडतो. एका सत्रात मूल एकच विषय घेतं आणि तीन आठवडे सकाळ-दुपार तोच करतं. विषयांची यादी बघून मोठ्यांनाच हेवा वाटेल: गूढलेखनशास्त्र, संख्यासिद्धांत, तर्कशास्त्र, पुराजीवशास्त्र, मेंदूविज्ञान, शब्दव्युत्पत्ती, निबंधलेखन. मराठी घरात ही यादी उघडली की बोट आपोआप वर्षभराचं गणित किंवा फिजिक्स तीन आठवड्यांत उरकणाऱ्या वर्गावर जातं. "एवढे पैसे देतोय तर शाळेचं एक वर्ष तरी वाचेल." नवराही हेच म्हणत होता. त्याला मी एकच सांगितलं, आधी शाळेच्या समुपदेशकांना ई-मेल कर आणि विचार की हा वर्ग झाल्यावर तुम्ही तिला पुढच्या वर्गात बसवाल का. उत्तर आलं: आमची स्वतःची चाचणी द्यावी लागेल, हमी नाही. बऱ्याच शाळा असंच उत्तर देतात. तुमच्या शाळेने लेखी होकार दिला आणि मूल खरोखरच शाळेच्या गणिताला कंटाळलेलं असलं, तर तो वर्ग जरूर घ्या. नाहीतर शाळेत जे कधीच शिकवणार नाहीत ते घ्यावं.

लेकीने गूढलेखन घेतलं. पेन्सिल्व्हेनियात कार्लाइल गावात डिकिन्सन कॉलेज आहे, १७८३ सालचं, करड्या चुनखडीच्या दगडी इमारतींचं. तिथे तिचा वर्ग होता. पंधरा-सोळा मुलं, एक शिक्षक आणि मदतीला एक साहाय्यक. पहिल्या आठवड्यात त्यांना सांकेतिक मजकुराचे कागद दिले आणि कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजायला लावलं. इंग्रजीत 'ई' सर्वांत जास्त येतो, तिथून सुरुवात करून एकेक अक्षर उलगडायचं. पुढे मग एकाच अक्षराच्या जागी वेगवेगळी चिन्हं येतील असे संकेत, म्हणजे मोजणी फसते, आणि शेवटी मूळ संख्यांवर चालणारे आजचे संकेत. रविवारी फोनवर तिने मला विचारलं, "आई, मराठीत सर्वांत जास्त काय येतं?" मला काय माहीत! परत आल्यावर तिने घरातला एक जुना दिवाळी अंक काढला, पान पुढ्यात घेऊन पेन्सिलीने रेघा मारत बसली, आणि बाप-लेकीत भांडण जुंपलं: 'का' हे एक अक्षर मोजायचं की 'क' वेगळा आणि काना वेगळा? तो म्हणे अक्षर म्हणजे अक्षर. तिचं म्हणणं, असं मोजलं तर चिन्हं शेकड्यांनी होतील आणि संकेत फोडणाऱ्याचं काम अवघड होईल. सातवीची परीक्षा देऊन असं भांडण घरात झालं नसतं.

दिवसाचा बेत साधारण असा: नाश्ता, सकाळचा वर्ग, जेवण, दुपारचा वर्ग, मग खेळ, नाटक, हस्तकला असं काहीतरी, रात्रीचं जेवण आणि त्यानंतर पुन्हा अभ्यासाचा तास. शनिवार-रविवार सैल. वसतिगृहात प्रत्येक गटाबरोबर एक आरए राहतो किंवा राहते, म्हणजे बहुधा कॉलेजात शिकणारी ताई-दादा मंडळी. दिवे कधी मालवायचे, कोण रडतंय, कोण जेवलं नाही, हे सगळं त्यांच्या अंगावर. मुलांच्या जिवाभावाच्या गोष्टी वर्गात कमी आणि या मजल्यावर जास्त घडतात. शाळेत "तू फार प्रश्न विचारतेस" म्हणून जिला टोमणे बसतात तिला इथे तशाच दहा-बाराजणी भेटतात. आमच्या लेकीला तिथून जे मिळालं त्यात मी हे सर्वांत वर धरते, गूढलेखन त्याच्या खाली. मोबाइल ठरावीक वेळीच मिळतो, तेव्हा पहिले काही दिवस फोन आला नाही म्हणून ऑफिसला फोन करू नका. आला आणि मूल रडलं, तरी गाडी काढू नका. बहुतेकांचं पहिल्या शनिवारपर्यंत निवळतं. मात्र मूल स्वतःहून कधी आजीकडेसुद्धा दोन रात्री राहिलेलं नसेल, तर पहिल्याच वर्षी तीन आठवडे नकोत. घरी येऊन-जाऊन करायचा दिवसभराचा कार्यक्रम निवडा.

सामानाची यादी येतेच, पण त्यात न सांगितलेल्या काही गोष्टी. वसतिगृहाचा पलंग 'ट्विन एक्स्ट्रा-लाँग' असतो, घरची चादर टोकाला पुरत नाही. जुन्या इमारतीत एसी नसेल तर खिडकीत बसणारा चौकोनी पंखा न्या. जुलैत पेन्सिल्व्हेनियाचा उकाडा मुंबईची आठवण करून देतो. औषधं मूळ डबीत, मुलाच्या नावाच्या लेबलसकट लागतात आणि ती आरोग्य कर्मचाऱ्यांकडे जमा करायची असतात. आजीने दिलेली होमिओपॅथीच्या गोळ्यांची बिनलेबल बाटली घरीच राहू द्या. डॉक्टरांच्या सहीचा आरोग्य-फॉर्म आणि लसींची नोंद लागते. भारतात घेतलेल्या लसींचं कार्ड डॉक्टरांकडून इथल्या नोंदीत चढवून घ्यायला वेळ लागतो, म्हणून एप्रिलमध्येच अपॉइंटमेंट घ्या. शाकाहारी मुलाचं पोट कॅम्पसच्या भोजनगृहात पास्ता, पिझ्झा, सॅलड, बीन्स यांवर भरतं, चवीचं बोलू नये. आषाढी एकादशी बहुतेकदा याच दिवसांत येते. उपास धरणारं मूल असेल तर राजगिऱ्याचे लाडू पाठवण्याआधी बाहेरच्या खाऊचा नियम विचारा, कारण शेंगदाणा आणि इतर ॲलर्जींमुळे तो कडक असतो.

सासूबाईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. न्यू जर्सीच्या शाळा जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटतात. पहिलं सत्र लगेच जूनअखेर सुरू होऊन जुलैच्या मध्यापर्यंत जातं, दुसरं ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. भारताची वारी करायची तर पहिलं सत्र घ्या आणि जुलैच्या उत्तरार्धात निघा. आंबा हुकतो, पाऊस मिळतो. दोन्ही एकाच उन्हाळ्यात साधायचं म्हणून सत्र संपलं त्याच रात्रीचं विमान मात्र धरू नका, आणि रद्द न करता येणारी तिकिटं तर मुळीच नकोत. २०२३ च्या जूनमध्ये सीटीवायला माणसं पुरेशी मिळाली नाहीत आणि काही ठिकाणचे वर्ग सुरू व्हायला थोडे दिवस असताना रद्द झाले, तेव्हा कितीतरी घरांचे बेत कोलमडले होते. शुल्क परतीचे नियम पैसे भरण्याआधी वाचायचे असतात, हे आपल्याला विमा विकणाऱ्यांनी शिकवलेलं आहेच.

पैशांचं थोडं स्पष्ट बोलते. आर्थिक मदत मिळते, पण तिचा अर्ज लवकर करावा लागतो, डिसेंबर-जानेवारीत चौकशी सुरू करा. नोकरीतून डिपेंडंट केअर एफएसए (मुलांच्या देखभालीसाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवायचं खातं) असेल तर मुक्कामी शिबिराचा खर्च त्यातून चालत नाही. तेरा वर्षांखालच्या मुलाचा डे कॅम्प चालतो, निव्वळ समर स्कूल चालत नाही. आणि कॉलेज प्रवेशाच्या अर्जावर याचं वजन पडेल या आशेने पाठवणार असाल, तर पैसे वाचवा. पात्रता आणि फी दोन्ही असली की प्रवेश मिळतो, हे प्रवेश समितीलाही ठाऊक असतं. फेसबुकचा झुकरबर्ग, गूगलचा सर्गे ब्रिन, गायिका लेडी गागा सीटीवायला गेले होते, हेही तुम्हाला कुणीतरी सांगेलच. सांगू द्या.

जवळपास दुसरं काही असेल तर तेही बघा. शिकागोकडच्यांना इव्हॅन्स्टनला नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं 'सेंटर फॉर टॅलेंट डेव्हलपमेंट' आहे, १९८२ पासूनचं. टेनेसीत व्हँडरबिल्टचे कार्यक्रम आहेत. उत्तर कॅरोलायनातल्या जुन्या मंडळींकडून ड्यूकच्या 'टिप'चं कौतुक ऐकाल. ते १९८० ला सुरू झालेलं, पण महासाथीच्या काळात बंद पडलं, शोधत बसू नका. गणितवेड्या मुलासाठी 'मॅथपाथ' हे चार आठवड्यांचं शिबिर आहे. त्याच्या प्रवेशाची उदाहरणं घरी सोडवून पाठवायची असतात, आणि उत्तरापेक्षा सिद्धता कशी लिहिली ते बघतात. त्यामुळे नुसतं वेगाने गणित करणाऱ्यापेक्षा एका उदाहरणावर आठवडाभर रेंगाळणाऱ्या मुलाला ते मानवतं. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी 'बीम' नावाचा गणिताचा मोफत कार्यक्रम आहे. आणि यातलं काहीच जमत नसेल, तर आपल्या काउंटीचं कम्युनिटी कॉलेज बघा. कित्येक ठिकाणी आठवड्या-आठवड्याचे वर्ग असतात, अगदी थोडक्या पैशांत. आमच्या धाकट्याने रोबोटिक्सचा पहिला धडा तिथेच गिरवला आणि त्याला मोठ्या बहिणीच्या दगडी कॉलेजाचं काही वाटलं नाही.

सत्र संपल्यावर शिक्षकांचा लेखी अहवाल येतो. मूल कशावर अडलं, कुठे चिकाटी दाखवली, गटात कसं वागलं, असं सविस्तर. हा कागद नातेवाइकांना पाठवण्यापेक्षा सप्टेंबरमध्ये मुलाच्या गणिताच्या किंवा भाषेच्या शिक्षकांना द्या. 'बॅक टू स्कूल नाइट'ला नको, तिथे प्रत्येक शिक्षकाला दहा मिनिटं आणि समोर तीस पालक. वेगळी वेळ मागून घ्या, अहवालातली एखादी नेमकी ओळ दाखवा आणि विचारा, या मुलाला वर्गात जास्तीचं काय देता येईल.