संसद शिकताना या चुका टाळा: नागपूरचं दिल्लीला लावू नका

डिसेंबर आला की आमच्या अभ्यासिकेत दोन गोष्टी हमखास होतात. यशवंत स्टेडियमवरून निघालेल्या मोर्चामुळे अर्धी पोरं उशिरा येतात, आणि वेळेवर आलेली अर्धी संसदेच्या प्रश्नाला विधानभवनाची उत्तरं लिहितात. बरीच वर्षं मी राज्यव्यवस्था शिकवतोय. पोरं बदलतात, चुका त्याच. आधी त्या झेरॉक्सच्या नोट्समधून यायच्या, आता मोबाइलवरच्या एका मिनिटाच्या व्हिडिओतून येतात, एवढाच फरक.

राज्यसभा म्हणजे दिल्लीची विधानपरिषद नव्हे

ही सगळ्यात चिवट चूक. वरचं सभागृह म्हटलं की नागपूरच्या पोराला विधानपरिषद आठवते, कारण ती डोळ्यांसमोर असते. हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्सला दोन्ही सभागृहं भरतात, आमदार निवासाकडे गाड्यांची रांग लागते, पदवीधर मतदारसंघाची निवडणूक असली की घरी पत्रकं येतात. दिल्लीतली राज्यसभा मात्र टीव्हीतच दिसते. मग मेंदू सोयीचं गणित मांडतो: विधानसभा म्हणजे लहान लोकसभा, विधानपरिषद म्हणजे लहान राज्यसभा. पहिलं बरंचसं चालून जातं, दुसऱ्यात मार्क जातात.

मी दर बॅचला विचारतो, साधं विधेयक राज्यसभा किती काळ अडवू शकते? निम्मे हात वर जातात आणि उत्तर येतं, "चार महिने, सर!" हे चार महिने विधानपरिषदेचे. विधानसभेनं पाठवलेलं विधेयक परिषद पहिल्या खेपेला तीन महिने आणि दुसऱ्या खेपेला एक महिना धरून ठेवू शकते. त्यानंतर परिषदेला पटो न पटो, विधानसभेचं म्हणणं टिकतं. तिढा सोडवायला दोन्ही सभागृहं एकत्र बसतात ती संयुक्त बैठक, राज्यात हा प्रकारच नाही. राज्यसभेचं तसं नाही. साध्या विधेयकावर ती लोकसभेच्या बरोबरीची आहे. तिनं नाकारलं, किंवा सहा महिन्यांहून जास्त काळ तसंच ठेवलं, तर राष्ट्रपतींनी संयुक्त बैठक बोलावण्यापलीकडे सरकारला मार्ग उरत नाही.

दुसरा घोळ मतदारांचा. एक चांगले शिकलेले गृहस्थ, पदवीधर मतदारसंघात दोनदा मत देऊन आलेले, मला ठासून सांगत होते की विधानपरिषदेचे आमदारही राज्यसभेचा खासदार निवडतात. नाही निवडत. राज्यसभेसाठी मत देतात ते फक्त विधानसभेचे निवडून आलेले सदस्य, आपल्याकडे २८८. परिषदेच्या ७८ जणांना त्यात मत नाही. राष्ट्रपतीच्या निवडणुकीतही नाही. राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत, पण त्या एकदम रिकाम्या होत नाहीत, कारण दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. एका खेपेला सहा जागा असतील तर २८८ ला ७ नं (जागा अधिक एक) भागा, ४१ च्या थोडं वर येतं. पेपरात "४२ मतांचा कोटा", म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, म्हणतात तो इथून येतो. पोरं हा आकडा पाठ करतात, आणि पुढच्या खेपेला सात जागा असल्या तरी तोच ठोकून देतात. भागाकार करायला काय होतं, बे?

फरक का आहे हे एकदा डोक्यात गेलं की पाठांतर अर्धं होतं. राज्यसभा राज्यांच्या वतीनं बसलेली आहे. म्हणून राज्यसूचीतल्या (राज्यांच्या अखत्यारीतल्या) विषयावर संसदेनं कायदा करावा असं ठरवायचं तर कलम २४९ खाली राज्यसभेचाच ठराव लागतो, उपस्थित राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतांचा. नवी अखिल भारतीय सेवा काढायची तर कलम ३१२ खाली तिचाच ठराव. विधानपरिषद कोणाच्या वतीनं बसली आहे? राज्याच्या आत दुसरी राज्यं नाहीत. म्हणून ती असलीच पाहिजे असंही नाही. आज देशात सहाच राज्यांत ती आहे, आणि विधानसभेनं विशेष बहुमतानं (साध्या बहुमताहून जास्त मतांनी) ठराव केला तर संसद साध्या कायद्यानं ती बरखास्त करू शकते. राज्यसभेवर असा हात टाकता येत नाही.

माझा उपाय शास्त्रीय वगैरे नाही. वहीच्या डाव्या पानावर वर "दिल्ली" लिहा, उजव्या पानावर "नागपूर". एखादी तरतूद डावीकडे लिहिली की उजवीकडे तिच्या समोर काय आहे ते लिहा, नसेल तर "नाही" असं लिहा. उजवं पान "नाही", "नाही"नं भरत जातं, आणि तेच बघण्यासारखं असतं. दोन्ही पानांवर जुळतात अशा गोष्टींत एक ठळक: धन विधेयकासाठी, म्हणजे फक्त कर, कर्ज अशा ठरावीक पैशाच्या बाबींच्या विधेयकासाठी, वरच्या सभागृहाला चौदा दिवस.

पैसा आला म्हणजे धन विधेयक झालं नाही

काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका कॉलेजनं मला अभिरूप संसदेच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं. पोरं जाकिटं घालून आली होती, एकानं तर धोतर नेसलं होतं. विधेयक होतं संत्रा उत्पादकांना मदत देण्याचं. कृषिमंत्री उभे राहिले आणि म्हणाले, "मी हे धन विधेयक राज्यसभेत मांडत आहे."

मी कागदावर पहिली फुली मारली. धन विधेयक राज्यसभेत मांडताच येत नाही. ते लोकसभेतच येतं, तेही राष्ट्रपतींच्या शिफारशीनं.

मग राज्यसभेनं घणाघाती भाषणं केली आणि विधेयक फेटाळलं. दुसरी फुली. धन विधेयक राज्यसभा फेटाळू शकत नाही. चौदा दिवसांत शिफारशींसह किंवा त्याशिवाय परत पाठवायचं, शिफारशी घ्यायच्या की नाही ते लोकसभा ठरवते, आणि चौदा दिवस उलटून गेले तर दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं असं धरलं जातं. इकडे उपराष्ट्रपती झालेल्या मुलानं तोंडभर हसत संयुक्त बैठक बोलावली आणि स्वतःच आसनावर जाऊन बसला. दोन फुल्या एकदम. धन विधेयकासाठी संयुक्त बैठक नाही, आणि संयुक्त बैठकीचं अध्यक्षपद लोकसभेच्या अध्यक्षांकडे असतं. उपराष्ट्रपती तर राज्यसभेचे सभापती असले तरी सदस्यही नसतात. शेवटी बैठकीत सरकार हरलं, पंतप्रधानांनी राजीनामा दिला, मागच्या बाकांवरून शिट्ट्या.

मी "कार्यपद्धती"च्या रकान्यात शून्य दिलं. तर्री पोहे खाताना एक प्राध्यापक जवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, पोरांनी महिनाभर मेहनत घेतली हो." मेहनत दिसलीच. संविधान कोणी उघडलं नव्हतं. इतर दोन परीक्षकांच्या मार्कांवर पहिलं बक्षीस त्यांनाच गेलं. लोकसभा अध्यक्ष झालेल्या मुलीला मी विचारलं, तालमीत तुला काय करायला सांगितलं होतं? म्हणाली, "शांत राहा, शांत राहा म्हणायचं." या सगळ्या खेळात खरी किल्ली तिच्याकडे होती. एखादं विधेयक धन विधेयक आहे की नाही, हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात.

मराठीत हा घोळ वाढतो कारण शब्द एकमेकांना चिकटलेले आहेत: धन विधेयक, वित्त विधेयक, वित्तीय विधेयक, शिवाय वर्तमानपत्रातलं "अर्थविधेयक". कलम ११० उघडा. त्यातल्या यादीत कर, सरकारी कर्ज, एकत्रित निधी (सरकारचा मुख्य खजिना) असले विषय आहेत. इंग्रजी पाठात त्या यादीच्या आधी "ओन्ली" हा शब्द आहे, त्याला मी दर वर्षी पेन्सिलनं गोल करतो. विधेयकात फक्त त्या यादीतलंच हवं. सोबत दुसरं काही घातलं की ते वित्तीय विधेयक होतं, कलम ११७ कडे जातं, आणि राज्यसभेचे दात परत येतात. उलट, विधेयकात दंड आहे, परवाना शुल्क आहे, किंवा महापालिकेच्या घरटॅक्ससारख्या स्थानिक कराची गोष्ट आहे, एवढ्यानं ते धन विधेयक होत नाही. हे त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात आहे. तिथपर्यंत फारसं कोणी जात नाही.

उदाहरण हवं तर जीएसटी घ्या. २०१६ ची १०१ वी घटनादुरुस्ती पैशाबद्दलच होती, तरी ती धन विधेयक नव्हती. तिला दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागलं आणि शिवाय निम्म्या राज्यांची संमती. त्याच जीएसटीचे २०१७ चे प्रत्यक्ष कायदे मात्र धन विधेयक म्हणून आले. विषय एकच, वाट वेगळी. आणि अध्यक्षांच्या निर्णयावर वाद होतच नाहीत असंही समजू नका. २०१६ चं आधार विधेयक धन विधेयक म्हणून आलं, राज्यसभेनं सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेनं नाकारल्या, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१८ मध्ये बहुमतानं ते टिकलं, पण न्या. चंद्रचूड यांचा विरोधी निकाल जरूर वाचा. निकाल वाचायला वेळ नाही म्हणणाऱ्यांना त्याच निकालावरचे तीन तीन व्हिडिओ बघायला वेळ असतो.

"संयुक्त" दिसलं की थांबा

दर वर्षीच्या पहिल्या अधिवेशनाला राष्ट्रपती दोन्ही सभागृहांपुढे अभिभाषण करतात, ते कलम ८७. विधेयकावरचा तिढा सोडवायला भरते ती संयुक्त बैठक, कलम १०८. बातम्यांत दोन्हीकडे "संयुक्त" येतं, म्हणून पोरं लिहितात की संयुक्त बैठक दर वर्षी होते. विधेयकासाठी ती आजवर तीनदाच झाली: १९६१ मध्ये हुंडाबंदी, १९७८ मध्ये बँक सेवा आयोग रद्द करण्याचं विधेयक, २००२ मध्ये पोटा हा दहशतवादविरोधी कायदा. घटनादुरुस्तीसाठी ती होऊ शकत नाही, तिथे दोन्ही सभागृहांनी आपापल्या घरी मंजुरी द्यावी लागते.

विधेयक कधी बुडतं: ही माझी चूक

ही मी स्वतः काही वर्षं शिकवली. "राज्यसभेत मांडलेलं विधेयक लोकसभा विसर्जित झाली तरी बुडत नाही," असं मी फळ्यावर लिहायचो. छान, आटोपशीर ओळ. २०१४ ची लोकसभा निवडणूक होऊन गेल्यावर चंद्रपूरकडची एक मुलगी उठली. "सर, मग महिला आरक्षणाचं कसं बुडालं? ते तर राज्यसभेतच मांडलं होतं ना?"

होतं खरं, २००८ मध्ये. ९ मार्च २०१० ला राज्यसभेनं ते मंजूर करून लोकसभेकडे पाठवलं, तिथे ते पडून राहिलं, आणि पंधरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तिच्याबरोबर गेलं. विधेयक कुठे मांडलं होतं याला महत्त्व नाही. विसर्जनाच्या दिवशी ते कुठे पडलं आहे आणि लोकसभेचा हात त्याला लागला आहे का, हे बघायचं. राज्यसभेत आहे आणि लोकसभेनं अजून मंजूर केलेलं नाही, तरच ते टिकतं. लोकसभेत पडलेलं बुडतं, आणि लोकसभेनं मंजूर करून राज्यसभेत अडकलेलंही बुडतं. संयुक्त बैठकीची अधिसूचना आधीच निघाली असेल तर वाचतं. मी फळा पुसला. ती ओळ माझ्या जुन्या नोट्समध्ये होती, आणि त्या नोट्सच्या किती झेरॉक्स धंतोली ते सीताबर्डी फिरत होत्या कोण जाणे. आता मी आगगाडीसारखं काढतो: दोन स्टेशनं, मध्ये रूळ, विधेयक म्हणजे डबा. डबा कुठे उभा आहे ते आधी दाखव, मग उत्तर सांग.

बाकीच्या, भराभर

संसद म्हणजे दोन सभागृहं, असं लिहू नका. कलम ७९ प्रमाणे राष्ट्रपतीही संसदेचा भाग आहेत, सदस्य नाहीत.

अविश्वास ठराव फक्त लोकसभेत येतो. आणि १९९९ मध्ये वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं ते अविश्वास ठरावावर नाही, विश्वासदर्शक ठरावावर. दर वर्षी कोणीतरी इथे पडतंच.

वर्षातून तीन अधिवेशनं घ्यायलाच हवीत असं संविधान म्हणत नाही. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचं अंतर पडू नये, एवढंच म्हणतं.

तहकूब, संस्थगित, विसर्जित हे तीन शब्द एकाच वाक्यात वापरता आले नाहीत तर ते आले नाहीत. तहकुबी बैठकीची असते, सत्र संस्थगित होतं, विसर्जित होते ती लोकसभा. सत्र संस्थगित झाल्यानं विधेयक बुडत नाही. राज्यसभा विसर्जित होतच नाही.

अध्यादेशासाठी दोन्ही सभागृहं बंद असावी लागत नाहीत. एक बंद असलं तरी चालतं.

घटनादुरुस्ती विधेयकाचा क्रमांक आणि कायद्याचा क्रमांक वेगळे असतात. २०२३ चं महिला आरक्षण विधेयक १२८ वं होतं, त्याची घटनादुरुस्ती झाली १०६ वी. जीएसटीचं विधेयक १२२ वं, दुरुस्ती १०१ वी. पर्यायांत दोन्ही आकडे देतात, कारण तुम्ही चुकीचा उचलाल हे त्यांना माहीत असतं.

आणि राज्यसभेचे सभापती आणि लोकसभेचे अध्यक्ष हे शब्द उलटे लिहिलेली उत्तरपत्रिका मी पुढे वाचत नाही. परत देतो, तिथेच उभं राहून दुरुस्त करायला लावतो.