तळवासी जलजीव कसे गोळा करावेत आणि कसे अभ्यासावेत

ओढ्याचे किंवा नदीचे पाणी बाटलीत भरून तपासले, तर ते पाणी त्या क्षणी कसे होते एवढेच कळते. तळाशी राहणारे किडे, अळ्या, गोगलगाई, शिंपले आणि कृमी मात्र आठवडेच्या आठवडे, काही तर वर्षभर, त्याच परिसरात काढतात आणि मधल्या काळात येऊन गेलेल्या प्रदूषणाची खूण त्यांच्या असण्या-नसण्यात उरते. म्हणूनच हे जीव काळजीपूर्वक आणि प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने गोळा करणे महत्त्वाचे आहे.

सुरुवात उथळ, गोट्यांवरून खळाळत जाणाऱ्या पाण्यापासून करावी, कारण तेथे प्राणवायू भरपूर असतो आणि जीवांची विविधताही सहसा अधिक आढळते. पाणी गुडघ्यापेक्षा खोल किंवा ओढ जोरदार असेल तर आत उतरू नये, आणि एकट्याने तर कधीच उतरू नये. सुमारे अर्धा मिलिमीटर छिद्रांचे, चौकटीला शिवलेले जाळे तळाला टेकवून त्याचे तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवावे आणि जाळ्याच्या पुढचा तळ पायाने ढवळावा, म्हणजे सुटलेले जीव प्रवाहाबरोबर जाळ्यात येतात. तीन मिनिटे ढवळण्याची पद्धत रूढ आहे. ही वेळ घड्याळ लावूनच मोजावी, अंदाजाने नव्हे, कारण दोन ठिकाणांची तुलना करायची तर दोन्हीकडचे श्रम सारखे असावे लागतात. मोठे गोटे हाताने उचलून जाळ्यासमोर चोळून धुवावेत, कारण चपट्या अंगाच्या अळ्या दगडाला घट्ट चिकटून राहतात आणि नुसत्या ढवळण्याने सुटत नाहीत. काम नेहमी खालच्या अंगाकडून वरच्या अंगाकडे न्यावे. उलट केल्यास आपणच उठवलेला गाळ पुढच्या नमुन्यात शिरतो. प्रति चौरस मीटर संख्या हवी असेल, तर सुमारे ३० सेंटिमीटर बाजूची चौकट जोडलेले सर्बर जाळे वापरावे आणि फक्त चौकटीच्या आतला तळ ढवळावा.

डोहाच्या किंवा तलावाच्या मऊ चिखलासाठी जाळे उपयोगाचे नाही. तेथे दोरीने खाली सोडायचा एकमन ग्रॅब, म्हणजे जबड्यांनी चिखल उचलणारी पेटी, लागतो. तो तळाला टेकला की दोरीवरून एक वजन खाली सोडतात आणि त्याच्या धक्क्याने जबडे मिटतात. जबड्यात काटकी किंवा खडा अडकून फट राहिली, तर वर येताना चिखल गळून जातो. असा नमुना टाकून द्यावा आणि पुन्हा घ्यावा. चिखल चाळताना चाळण पाण्यात अर्धवट बुडवून हलकेच फिरवावी. नळाच्या जोरदार धारेने नाजूक अळ्यांचे पाय, कल्ले आणि शेपट्या तुटतात व पुढे ओळख पटत नाही.

वेगळे काढण्याचे काम जीव जिवंत असतानाच करावे, असे माझे ठाम मत आहे. पांढऱ्या ट्रेमध्ये थोडे पाणी घेऊन नमुना पसरावा आणि दोन-तीन मिनिटे काहीही न करता पाहत राहावे. जी काडी किंवा वाळूची नळी वाटते तीच हळूहळू चालू लागते आणि ती कॅडिसफ्लाय या किड्याची, स्वतःभोवती नळी बांधून राहणारी अळी असल्याचे लक्षात येते. चतुराच्या अळ्या आधी बाजूला काढाव्यात, नाहीतर त्या इतरांना खातात.

टिकवून ठेवायचे असेल तेवढेच जीव ७० टक्के अल्कोहोलमध्ये घालावेत, उरलेले त्याच जागी परत सोडावेत. संपूर्ण नमुना भरायचा असल्यास त्यातल्या पाण्यामुळे अल्कोहोल पातळ होते, म्हणून सुरुवातीला ९५ टक्क्यांचे घालून दुसऱ्या दिवशी बदलावे. ठिकाण, दिनांक, पद्धत आणि गोळा करणाऱ्याचे नाव जाड कागदावर पेन्सिलीने लिहून तो कागद बाटलीच्या आत ठेवावा; शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेरची चिठ्ठी सुटते.

ओळखण्यासाठी स्टिरिओ सूक्ष्मदर्शक घ्यावा आणि नवशिक्याने कुळापर्यंतच (जवळच्या प्रजातींच्या गटापर्यंत, प्रजातीपर्यंत नव्हे) ओळख पटवावी. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या किड्यांच्या अळ्या पाण्यात वाढतात. मेफ्लायच्या अळीच्या पोटाच्या बाजूंना कल्ले आणि पायाला एकच नखी असते. स्टोनफ्लायच्या अळीला दोन शेपट्या आणि प्रत्येक पायाला दोन नख्या असतात. लालभडक कायरोनोमिड अळ्यांचा (डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माश्यांच्या अळ्यांचा) रंग हिमोग्लोबिनचा, म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्याचा, असतो, त्यामुळे त्या कमी प्राणवायूतही तगतात. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या बीएमडब्ल्यूपी (बायोलॉजिकल मॉनिटरिंग वर्किंग पार्टी) पद्धतीत कुळांना १ ते १० गुण देतात; प्रदूषण जितके कमी सोसते तितके कुळाचे गुण जास्त: चपट्या मेफ्लायच्या हेप्टाजेनिडी कुळाला १०, कायरोनोमिडना २, गाळातल्या ऑलिगोकीट (गांडुळासारख्या) कृमींना १. बेरजेला गुण मिळालेल्या कुळांच्या संख्येने भागले की सरासरी मिळते. अन्य प्रदेशात मात्र तेथील जीवांसाठी बनवलेला तक्ता वापरणेच योग्य.

एखादे कूळ सापडले नाही म्हणून लगेच प्रदूषणाचा निष्कर्ष काढू नये. अनेक किडे पंख फुटताच पाणी सोडून जातात आणि मोठा पूर तळच धुऊन नेतो. म्हणून निरनिराळ्या ऋतूंत त्याच ठिकाणी पुन्हा नमुने घ्यावेत आणि दुसऱ्या जलाशयाकडे जाण्यापूर्वी जाळे व बूट धुऊन पूर्ण वाळवावेत, म्हणजे इकडचे जीव तिकडे जाणार नाहीत.