फिरतीची नोकरी सोडून विज्ञान शिक्षक होताना या चुका टाळा

भूजल सर्वेक्षण, वनखाते, कृषी विस्तार किंवा खाणकाम अशा कामांत अनेक वर्षे उन्हातान्हात घालवलेली माणसे बी.एड.ला येतात, तेव्हा मला मनापासून आनंद होतो, कारण आम्ही जे फळ्यावर काढून दाखवतो ते त्यांनी हाताळलेले असते. मात्र छात्राध्यापकांचे पाठ तपासताना या मंडळींच्या त्याच त्या चुका वर्षानुवर्षे दिसतात आणि त्यांतल्या बहुतेक चुकांच्या मुळाशी घाई असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे अनुभव सांगितला की शिकवून झाले, असे समजणे. भूजल सर्वेक्षणात उमेदीची वर्षे घालवलेल्या एका छात्राध्यापकांचा आठवीच्या वर्गावरील पाठ मी पाहिला होता. विहिरी खोदताना आलेले प्रसंग, सुरुंग लावल्यावर तळाशी उसळलेले पाणी, कोरड्या गेलेल्या बोअर, असे त्यांनी पूर्ण तास इतके रंगवून सांगितले की मुले जागची हलली नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्याच वर्गाला विचारले, की काळ्या पाषाणात पाणी नेमके कुठे साठते? बहुतेकांनी लिहिले, की जमिनीखालून नद्या वाहतात. असे त्या गृहस्थांनी कुठेही म्हटले नव्हते. पण उसळणाऱ्या पाण्याचे चित्र मनात ठसले आणि त्यामागचे कारण कोणी दाखवलेच नाही, तेव्हा मुलांनी ते आपापल्या परीने जुळवून घेतले. महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्के भूभागाखाली बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण आहे. घट्ट बेसाल्टच्या अंगात पाणी जवळजवळ मुरत नाही. ते भेगांमध्ये, झिजलेल्या थरांत आणि मुरुमात साठते. काही थरांत छिद्रे दिसतात, परंतु ती एकमेकांना जोडलेली नसतील तर त्यांतून पाणी पुढे सरकत नाही. आपल्या गावात शेजारच्या दोन बोअरपैकी एकीला पाणी लागते आणि दुसरी कोरडी जाते, याचे कारण मुलांना इथे सापडते.

यावर माझी सवय अशी, की आधी प्रश्न, मग प्रयोग आणि हकिकत सर्वांत शेवटी, तीही पाच मिनिटांत. भाजलेली वीट आणि पाषाणाचा तुकडा कोरडे असताना तोलावेत, रात्रभर पाण्यात ठेवून पुन्हा तोलावेत. विटेचे वजन सहज दहा टक्क्यांहून अधिक वाढते, घट्ट पाषाणाचे एक टक्काही वाढत नाही. मग पाणी येते कुठून, हे वर्गाने विचारले की आपला विहिरीचा प्रसंग सांगावा.

दुसरी चूक मला अधिक खटकते. ‘हजेरीची गरज नाही, पदवी घरपोच’ असे सांगणारे मध्यस्थ भेटतात आणि एरवी समंजस असलेली माणसे त्यांच्या नादी लागतात. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी २० आठवडे ठेवलेले आहेत, त्यांपैकी १६ दुसऱ्या वर्षी. वर उल्लेखिलेल्या पाठासारखे पाठ तिथेच फसतात आणि तिथेच सुधारतात. हे आठवडे चुकवणारा माणूस पुढे पगार घेत मुलांवर सराव करतो, आणि हे मला अजिबात मान्य नाही.

परीक्षांचा गोंधळही आधीच मिटवावा. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर लागतो; १५० पैकी ६० गुण गणित-विज्ञानाचे असतात आणि खुल्या प्रवर्गाला उत्तीर्ण होण्यास ६० टक्के गुण हवे असतात. टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही वेगळी, २०० गुणांची परीक्षा असून तिच्या गुणांवर पवित्र पोर्टल या राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून भरती होते. आपल्या पदवीच्या विषयांवर बी.एड.मध्ये विज्ञानाची अध्यापन पद्धती, म्हणजे विज्ञान शिकवण्याचा विषय, घेता येते का, हे बी.एड.चे शुल्क भरण्यापूर्वी विचारावे. नंतर विचारणारे दरवर्षी भेटतात.

आवडीचे प्रकरण निवडून बाकीची टाळू नयेत. दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये भिंगे, विद्युतधारा, आवर्त सारणी आणि कार्बनी संयुगे आहेत. रानातला अनुभव तिथे फारसा कामी येत नाही, म्हणून ही प्रकरणे आधी गणिते सोडवून पक्की करावीत.

मोकळ्या माळावरचा आवाज वर्गात वापरू नये.

क्षेत्रभेटीला मुलांना नेताना एकच प्रश्न घेऊन जावे, आणि जागा आपण दहा वेळा पाहिलेली असली तरी आदल्या आठवड्यात पुन्हा पाहून यावी, कारण पावसानंतर ओढ्याचा काठ बदललेला असतो.

शेवटचे, पैशांविषयी. अनुदानित माध्यमिक शाळेत पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात आणि २०२३ मधील वाढीनंतर त्याचे मानधन दरमहा १८,००० रुपये झाले. जुन्या नोकरीचा राजीनामा देण्याआधी हा आकडा घरच्यांसमोर मांडावा आणि बी.एड.ची दोन वर्षेही त्याच हिशेबात धरावीत.