थ्रेड वाढवले तरी प्रोग्रॅम संथच? लायब्ररीतलं लॉक असं पकडा

तुमच्या कोडमध्ये एकही म्युटेक्स (म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पुढे जाऊ देणारं लॉक) नाही, प्रत्येक थ्रेडचा, म्हणजे प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या प्रत्येक धाग्याचा, डेटा वेगळा, तरीपण १ थ्रेडपेक्षा ८ थ्रेडवर जास्त वेळ लागतोय, असं दिसलं की आधी लायब्ररीवर संशय घ्या, कारण लॉक तुम्ही लावलं नसलं तरी तुम्ही कॉल केलेल्या फंक्शनने आत लावलेलं असू शकतं. खाली लिहिलंय ते लिनक्स आणि जीलिबसी (glibc, लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) धरून.

पहिलं म्हणजे सीपीयू बघा. काम भरपूर आहे पण कोअर अर्धे रिकामे, सिस्टम टाइम (कर्नलमध्ये जाणारा वेळ) चढलेला आणि कॉन्टेक्स्ट स्विच (कोअरवरचा एक थ्रेड काढून दुसरा चढवणं) धडाधड वाढतायत, तर थ्रेड एकमेकांसाठी थांबलेत असं बहुतेक समजा. मग प्रोग्रॅम चालू असतानाच जीडीबी (gdb हा डीबगर) जोडून सगळ्या थ्रेडचा बॅकट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला कॉल केलंय त्याची यादी, काढा, एकदा नाही, पाच-सहा वेळा. दरवेळी बरेच थ्रेड लॉक वेटमध्ये अडकलेले दिसले तर त्याच्या खालच्या ओळी वाचा, ज्या फंक्शनने लॉक मागितलं त्याचं नाव तिथेच असतं. पर्फ (perf, लिनक्सचं वेळ मोजायचं टूल) पण वापरा, पण साधं पर्फ रेकॉर्ड सीपीयूवर चाललेलंच मोजतं, झोपलेला थ्रेड त्यात दिसत नाही, म्हणून मला बॅकट्रेसवर जास्त भरवसा वाटतो.

नेहमी सापडणारे म्हणजे रँड (rand, यादृच्छिक आकडे देणारं फंक्शन), याची स्टेट सगळ्या थ्रेडमध्ये एकच, त्यामुळे दर कॉलला लॉक. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा जनरेटर द्या, विषय संपला. गेटसी-पुटसी (getc-putc, फाइलमधून एकेक अक्षर वाचणारी-लिहिणारी फंक्शनं) दर अक्षराला लॉक घेतात, तिथे एकदम मोठा ब्लॉक वाचा, नाहीतर फाइल एकाच थ्रेडच्या हातात असेल तरच अनलॉक्ड व्हर्जन वापरा. लोकलटाइममध्ये (localtime, स्थानिक वेळ काढणारं फंक्शन) मात्र खूप जण फसतात, शेवटी आर लावलेलं व्हर्जन (localtime_r) थ्रेड-सेफ आहे म्हणून घेतात, पण टाइमझोनचं लॉक तेही घेतंच! लॉगच्या प्रत्येक ओळीला ते कॉल करण्यापेक्षा सेकंद बदलला की एकदाच वेळ काढून थ्रेडपाशी ठेवा.

मॅलॉक (malloc, मेमरी मागणारं फंक्शन) जरा वेगळं आहे. जीलिबसीच्या २०१७ च्या २.२६ व्हर्जनपासून प्रत्येक थ्रेडला छोट्या तुकड्यांची स्वतःची कॅश मिळते, त्यामुळे साध्या वापरात त्रास होत नाही. पण एका थ्रेडने मेमरी घ्यायची आणि दुसऱ्याने फ्री करायची असा प्रकार असेल तर फ्री करणाऱ्याची कॅश भरते आणि पुढचे बरेच तुकडे मूळ अरीनात (मॅलॉकच्या मेमरीच्या साठ्यात) परत टाकताना त्याचं लॉक घ्यावं लागतं, मग दोघंही तिथे भिडतात. कोणी मेमरी वाचवायला अरीना मॅक्स (MALLOC_ARENA_MAX, अरीनांची कमाल संख्या) १ करून ठेवलंय का तेही तपासा. जेमॅलॉक किंवा टीसीमॅलॉक (मॅलॉकच्या जागी वापरता येणाऱ्या दुसऱ्या लायब्ररी) प्रीलोड करून, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना आधी लोड करून, बघायला रीकंपाइल लागत नाही, म्हणून ते लगेच करून बघा, फरक पडला तर रोग मॅलॉकमध्येच होता. तरी माझ्या मते खरा उपाय बफर पुन्हा वापरणं हाच, कारण जो कॉल केलाच नाही त्याचं लॉक लागत नाही.

आणि कृपा करून एका वेळी एकच बदल करा, १, २, ४, ८ थ्रेडवर वेळ मोजा. एक लॉक काढलं की त्याच्यामागे लपलेलं दुसरं वर येतं, तेव्हा बॅकट्रेस परत काढा.